दंडशृंखलांची गती आणि संगणकाची साक्ष : एक प्रस्तावना

इ. स. १७८८ साली पॅरिस येथे लाग्रांझ या गणितज्ञाचा यामिकीवरील जो ग्रंथ प्रकाशित झाला, त्याच्या आरंभीच ग्रंथकर्त्याने वाचकाला बजावून ठेवले आहे की, येथे आकृती म्हणून एकही आढळणार नाही. जे काही आहे ते बीजगणिताचे, ठरावीक शिस्तीने चाललेले कामकाज आहे. आपले शास्त्र चित्राच्या आधारावाचून उभे राहू शकते याचा त्याला अभिमान होता, आणि तो अस्थानी होता असे कोणी जाणता म्हणणार नाही. तथापि दोन शतकांनंतर चाकण किंवा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यातील आराखड्यांच्या विभागात डोकावून पाहावे, तर संगणकाच्या पडद्यावर दांडे फिरत आहेत, सांधे वळत आहेत, खोदयंत्राचे फावडे खाली येऊन माती उचलण्याचा आविर्भाव करीत आहे, असे दृश्य दिसते. आणि ही सारी चित्रे ज्या समीकरणांच्या बळावर हलतात, ती बहुतांशी त्याच चित्रविन्मुख ग्रंथकाराच्या घराण्यातील असतात. दांडे सांध्यांनी जोडून केलेली यंत्ररचना, आणि तिची गती प्रत्यक्ष लोखंड कापण्यापूर्वीच संगणकाकडून वदवून घेण्याची विद्या, म्हणजेच सदृशीकरण, हा पुढील पानांचा विषय आहे.

दंडशृंखला हे नाव कानाला काहीसे जड लागले, तरी ती वस्तू सर्वांच्या परिचयाची आहे. पायाने चालवायच्या शिलाई मशीनची फळी खालीवर झुलते आणि तिच्या जोरावर चाक पूर्ण फेरा घेते, एस. टी.च्या समोरील काचेवरचा वायपर, एकाच दिशेने फिरणाऱ्या लहानशा मोटारीच्या हुकमावरून, डावीउजवीकडे झुलत राहतो. स्थिर चौकट हाही एक दांडा धरून मोजदाद केली, तर अशा अनेक यंत्रांच्या पोटात चारच दांडे आणि चारच खिळी सापडतात. त्यांपैकी कोणी पूर्ण फिरावे आणि कोणी केवळ झुलावे, याचा निवाडा त्यांच्या लांब्या करतात. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोहोंच्या बेरजेहून अधिक नसेल, तरच शृंखलेतील एखाद्या दांड्याला इतरांच्या मानाने पूर्ण फेऱ्याची मुभा मिळते, हा ग्रासहोफ या जर्मन आचार्याने १८८३ साली सांगितलेला नियम आजही प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यातच भेटतो. त्या नियमाला संगणक लागत नाही. कागदाचा कपटा पुरतो. संगणकाची गरज कोठून सुरू होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जाणे इष्ट होईल.

वर्तुळ काढणे सोपे. एक खीळ आणि एक दांडा असला म्हणजे झाले. सरळ रेषा काढण्यास मात्र पट्टी लागते, आणि ती पट्टी सरळ आहे हे कशावरून, असा प्रश्न कोणी केला तर उत्तरादाखल दुसरी पट्टी पुढे करावी लागते. हा केवळ तार्किकांचा विनोद नव्हता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लांब, सपाट आणि अचूक पृष्ठभाग तासून काढणारी यंत्रे नव्हती, आणि जेम्स वॅटच्या नव्या वाफेच्या एंजिनात दट्ट्या वर जाताना तसाच खाली येतानाही जोर लावू लागला होता. जुन्या एंजिनात दट्ट्या तुळईला साखळीने बांधलेला असे; साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. तुळईचे टोक तर कमानीत हलते, आणि दट्ट्याचा दांडा सरळ रेषेतच गेला पाहिजे. या पेचातून वॅटने १७८४ साली दांड्यांच्या एका लहानशा समूहाच्या साहाय्याने वाट काढली. त्या समूहातील एक बिंदू इंग्रजी आठच्या आकड्यासारखा लांबट वक्र काढतो, पण त्या वक्राचा मधला तुकडा इतका सरळ असतो की एंजिनाला त्यातला फरक जाणवत नाही. वाफेच्या शक्तीचा एवढा मोठा कर्ता, परंतु म्हातारपणी मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले आहे की, आपल्या साऱ्या यांत्रिक शोधांत या दांड्यांच्या योजनेचा आपणांस सर्वाधिक अभिमान वाटतो. ज्याने ही योजना एकदा पडद्यावर चालताना पाहिली आहे, त्याला या कबुलीचे नवल वाटू नये.

वॅटची रेषा जवळजवळ सरळ होती. अगदी सरळ नव्हती. हा ‘जवळजवळ’ किती आणि तो आणखी कमी करता येईल काय, या प्रश्नाने सेंट पीटर्सबर्गच्या चेबिशेव्ह या गणितज्ञाला पछाडले, आणि त्याच्या या ध्यासातून, १८५४ सालच्या एका निबंधात, ज्या बहुपदींचा जन्म झाला, त्या आज विद्युत्‌-संदेशांतील नको ते कंप गाळणाऱ्या अभियंत्याच्या रोजच्या वापरात आहेत. त्या वाफेच्या एंजिनाच्या पोटातून निघाल्या, हे त्या अभियंत्याला बहुधा ठाऊक नसते. निखळ सरळ रेषा काढणारी सपाट दंडशृंखला देण्याचा मान मात्र पोसेलिए या फ्रेंच सैन्यातील अभियंता-अधिकाऱ्याला, १८६४ साली, मिळाला, आणि काही वर्षांनी लिपकिन या तरुणाने तोच शोध स्वतंत्रपणे लावला. सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने १८७४ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयावर व्याख्यान दिले, तेव्हा सुशिक्षित इंग्लंडात या दांड्यांचे जणू वेडच पसरले. पोसेलिएच्या शृंखलेची प्रतिकृती केल्व्हिनच्या हाती दिली असता ती परत देण्यास तो तयार होईना, इतकी सुंदर वस्तू आपण जन्मात पाहिली नाही असे म्हणाला, अशी आठवण सिल्व्हेस्टरनेच नमूद करून ठेवली आहे.

याच सुमारास केंप हा पेशाने वकील असलेला गृहस्थ पुढे आला आणि त्याने १८७६ साली प्रतिपादन केले की, बीजगणिताच्या कोणत्याही समीकरणाने दिलेल्या वक्राचा हवा तो मर्यादित तुकडा दांड्यांच्या एखाद्या शृंखलेकडून काढवून घेता येतो. विधान खरे होते. सिद्धतेत फट होती, आणि ती पुरतेपणी बुजविण्याचे काम कापोविच व मिल्सन यांनी २००२ साली केले. (केंपने नकाशाला चार रंग पुरतात याचीही सिद्धता दिली होती आणि तिच्यातही पुढे फट सापडली, पण दोन्ही ठिकाणी त्याची कल्पना मोलाची आणि निष्कर्ष खरा ठरला, हे ध्यानात घेता वकिलांच्या बाबतीत आपण थोडे उदार व्हावे.) हवा तो वक्र काढता येतो, हे एकदा कळले म्हणजे अभियंत्याचा खरा प्रश्न उभा राहतो: माझ्या यंत्राला हवा असलेला वक्र चारच दांड्यांत, माझ्या जागेत बसेल अशा बेताने, कसा मिळवावा?

संगणकापूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची वहिवाट कष्टाची होती. रेखन-फलकावर क्रँकच्या, म्हणजे पूर्ण फेरा घेणाऱ्या दांड्याच्या, वर्तुळाचे बारा किंवा चोवीस भाग पाडावेत, प्रत्येक भागाशी कंपासाने दोन चाप काढून उरलेले दांडे बसवावेत, आणि ज्या बिंदूची वाट हवी तो टिंबाने नोंदत जावे. टिंबे जोडली की वक्र हाती येई. दांड्याची एक लांबी बदलली की सगळा खटाटोप पुन्हा. या श्रमांना कंटाळून म्हणा किंवा इतरांचे श्रम वाचवावेत म्हणून म्हणा, ऱ्होन्स आणि नेल्सन यांनी १९५१ साली चार दांड्यांच्या शृंखलेच्या सात हजारांहून अधिक वक्रांचा एक प्रचंड संग्रह छापला. आराखडा करणाऱ्याने तो ग्रंथ चाळावा, आपल्या गरजेशी मिळताजुळता वक्र दिसला की त्यावर आपला कागद ठेवून पाहावा, आणि पानावरची प्रमाणे आपल्या यंत्रात उतरवावीत, अशी ती तजवीज होती. मला स्वतःला असल्या ग्रंथांबद्दल विलक्षण आदर वाटतो. त्यातला प्रत्येक वक्र म्हणजे कोणीतरी आधीच विचारून ठेवलेला प्रश्न असतो, आणि आजच्या तरुण अभियंत्याला एका दुपारी जितके वक्र पडद्यावर काढता येतात, त्यांपैकी तो किती वक्रांकडे थांबून पाहतो, याची मला शंका आहे.

पुढची पायरी फ्रॉइडेनस्टाइन आणि सँडर यांनी १९५९ साली चढली. हवा तो वक्र देणारी शृंखला शोधण्याचे गणित त्यांनी त्या काळच्या एका अंकीय संगणकाला शिकविले, आणि शोधाचे कष्ट माणसाच्या बोटांवरून निघून यंत्राच्या हिशेबात जमा झाले. या मार्गाने माणूस किती दूर गेला, हे एका उदाहरणावरून दिसेल. आल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९२३ साली प्रश्न मांडला होता की, सपाट पृष्ठावर नऊ बिंदू दिले असता त्या साऱ्यांतून जाणारा वक्र काढणाऱ्या चार दांड्यांच्या शृंखला किती. नऊ ही संख्या लहरीने घेतलेली नव्हे. चार दांड्यांच्या हाती लांब्या, जागा व कोन मिळून जेवढे स्वातंत्र्य असते, त्यात नऊच्या वर बिंदू सर्वसाधारणपणे मागता येत नाहीत. जवळजवळ सत्तर वर्षे या प्रश्नाने दाद दिली नाही. १९९२ साली वॉम्प्लर, मॉर्गन आणि सोमीस यांनी संगणकाकडून लक्षाहून अधिक वाटांचा पाठपुरावा करवून घेतला आणि उत्तर दिले की, अशा शृंखला सर्वसाधारणपणे १,४४२ त्रिकुटांत येतात, म्हणजे एकूण ४,३२६. त्रिकुट अशासाठी की, एकच वक्र तीन वेगवेगळ्या शृंखलांना काढता येतो, हे रॉबर्ट्स व चेबिशेव्ह यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून ठेवले होते.

दरम्यान दुसऱ्या एका बाजूने काम चालू होते, आणि आपल्या विषयाशी त्याचा संबंध अधिक निकटचा आहे. मिशिगन विद्यापीठात चेस आणि त्यांचे सहकारी यांनी असा प्रश्न घेतला की, यंत्र कोणतेही असो, त्याचे दांडे, सांधे, वजने आणि जोर यांचा नुसता तपशील दिला असता, माणसाने समीकरणे मांडण्याची गरज न उरता, ती संगणकानेच मांडावीत आणि सोडवावीत, हे साधेल काय? ओर्लँडिया यांच्या कामाने त्याला निर्णायक वळण मिळाले आणि १९७७ साली जी प्रणाली शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे आली, ती ॲडम्स या नावाने आजही मोटारी बनविणाऱ्या कारखान्यांत चाकांच्या बैठकीची गती तपासण्यासाठी वापरली जाते. तिची युक्ती वरकरणी उधळपट्टीची वाटते. शहाणा माणूस अज्ञात राशी कमी करीत जातो. या प्रणालीने त्या वाढविल्या.

हे कसे, ते पाहू. चार दांड्यांच्या सपाट शृंखलेत हलणारे दांडे तीन. प्रत्येकाचे ठिकाण सांगण्यास आडवे अंतर, उभे अंतर आणि कोन अशा तीन राशी लागतात. म्हणजे अज्ञाते नऊ. चार खिळींपैकी प्रत्येक खीळ दोन अटी घालते: दोन्ही दांड्यांवरील भोकांची आडवी जागा एकच असावी, उभी जागाही एकच असावी. म्हणजे अटी आठ. नवांतून आठ गेले, एक उरला. शृंखलेला एकच स्वातंत्र्य आहे, आणि क्रँक अमुक गतीने फिरेल हे सांगितले की तेही संपले. नऊ अज्ञातांना नऊ समीकरणे मिळाली. हाताने करणारा माणूस यातील आठ अज्ञाते युक्तीने उडवून देऊन एकाच कोनाचे समीकरण मांडील. संगणकाला मात्र नऊ समीकरणांचे ओझे होत नाही, कारण प्रत्येक समीकरणात दोनचार राशींचाच उल्लेख असतो आणि बाकीच्या जागा शून्यांनी भरलेल्या असतात. शून्यांचा हिशेब टाळून काम करण्याची पद्धत बसविली की, चार दांडे असोत की चारशे, शिरस्ता एकच राहतो. समीकरणे सरळ नसल्यामुळे ती न्यूटन-रॅफसनच्या पद्धतीने, अंदाज बांधून आणि प्रत्येक वेळी तो सुधारून, सोडवावी लागतात. वेग आणि प्रवेग मात्र त्याच शून्यांनी भरलेल्या सारणीतून सरळ समीकरणांनी निघतात. आणि जोरांचा प्रश्न आला की लाग्रांझ पुढे येतो. प्रत्येक अटीपाठी त्याने एक गुणक लावला होता. तो गुणक म्हणजे ती अट पाळली जावी म्हणून त्या खिळीला सोसावा लागणारा जोर. चित्र न काढणाऱ्या माणसाच्या समीकरणांत खिळीवरचा ताण असा लपून बसला होता.

हे सारे चालताना पाहावे म्हणून चेबिशेव्हचीच एक शृंखला येथे उदाहरणादाखल घेतो. पाठ्यपुस्तकांत सोयीसाठी घेतल्या जाणाऱ्या प्रमाणात तिची क्रँक १०० मि. मी., दोन स्थिर खिळींतील अंतर २०० मि. मी., आणि जोडदांडा व झुलता दांडा प्रत्येकी २५० मि. मी. असतो, जोडदांडा त्याच रेषेत पलीकडे आणखी २५० मि. मी. लांबवायचा आणि त्याच्या मोकळ्या टोकाची वाट न्याहाळायची. क्रँकचा अर्धा फेरा होईपर्यंत हे टोक ४०० मि. मी. लांबीची आडवी रेषा काढते. या रेषेच्या आरंभी, मध्यावर आणि शेवटी त्याची उंची नेमकी ४०० मि. मी. भरते, आणि मधल्या भागात ते जास्तीत जास्त सुमारे १ मि. मी. वर चढते. चारशेला एक, हा हिशेब चार दांड्यांच्या मानाने फारच उत्तम म्हणावा लागेल. तेवढ्यावरच या रचनेचे कौतुक संपत नाही. अर्ध्या फेऱ्याचे ४५ अंशांचे चार भाग पाडले, तर टोक त्यांत अनुक्रमे सुमारे ९५, १०५, १०५ आणि ९५ मि. मी. सरकते, म्हणजे रेषा सरळ आहे, तशीच चालही जवळजवळ सम आहे. उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात टोक कमान घेऊन, सुमारे ९० मि. मी. वर उचलले जाऊन, मूळ जागी परतते. टेकून मागे सरकणे आणि उचलून पुढे येणे: ही पावलाची गती झाली, आणि याच जातीच्या शृंखलांची गती पायांना देऊन चेबिशेव्हने केलेले चालणारे यंत्र १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी पाहिले.

आता हीच शृंखला प्रणालीत घालून तिची तपासणी मागितली, तर बहुधा एक हरकत पुढे येते. जोडदांडा आणि झुलता दांडा यांच्यामधील कोन, ज्यावर एकाचा जोर दुसऱ्याला कितपत पोचतो हे अवलंबून असते, कमानीच्या माथ्याशी केवळ २३ अंशांवर येतो; तो ४० अंशांखाली जाऊ देऊ नये असा कारखान्यांतील सर्वसाधारण दंडक आहे. नवशिका येथे घाबरून प्रमाणे बदलतो आणि रेषेचा सरळपणा घालवून बसतो. अनुभवी माणूस विचारतो की, हा कोन कोणत्या क्षणी इतका लहान होतो? तो होतो पाय हवेत असताना, जेव्हा त्यावर वजनच नसते. ज्या अर्ध्या फेऱ्यात वजन असते, त्यात तो ५३ आणि ७४ अंशांच्या दरम्यान राहतो, आणि तेथे कोणाची काही तक्रार असण्याचे कारण नाही. प्रणालीने दिलेला आकडा खरा होता. त्या आकड्याला कोणत्या प्रसंगी किती किंमत द्यावी, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नव्हते, आणि ते तिने स्वतःहून विचारावे अशी तिची रीतही नाही.

माझ्या मते या विषयात शिकण्यासारखे मुख्य आहे ते हेच. पडद्यावर दिसते ती साक्ष असते. विचारलेल्या प्रश्नाला प्रामाणिकपणे दिलेले उत्तर असते. साक्षीदार खोटे बोलत नाही, पण जे विचारले नाही ते सांगतही नाही, आणि डोळ्यांना हलताना दिसले की माणसाचा विश्वास इतक्या लवकर बसतो की उलटतपासणी करण्याचे भानच राहात नाही. आकड्यांच्या रकान्याकडे पाहून जो अभियंता दहा शंका काढील, तोच अभियंता फिरत्या चित्राकडे पाहून मान डोलावतो.

या साक्षीतील काही हमखास फसगतींचा परामर्श पुढे विस्ताराने घेतला आहे. येथे त्यांची चव देतो. क्रँकची जागा एकच असली तरी उरलेले दांडे दोन प्रकारे जुळू शकतात, कारण दोन वर्तुळे दोन ठिकाणी छेदतात. न्यूटन-रॅफसनची पद्धत जवळचा छेद पकडते, आणि पाऊल मोठे पडले तर ‘जवळचा’ म्हणजे पलीकडच्या जुळणीतला असू शकतो. मग पडद्यावरचे यंत्र एका क्षणात अशा स्थितीत उडी मारते की जिथे ते खिळी काढल्याशिवाय प्रत्यक्षात जाऊच शकत नाही. समोरासमोरचे दांडे समान असलेल्या शृंखलेत तर सर्व दांडे एका रेषेत आले की दोन्ही जुळण्या एकत्रच येतात, आणि पुढे समांतर राहावे की एकमेकांना ओलांडावे हे भूमितीलाही ठरविता येत नाही. वाफेच्या आगगाडीच्या एंजिनाची चाके अशाच आडव्या दांड्यांनी जोडलेली असत. तेथे दोन बाजूंचे दांडे परस्परांशी ९० अंशांच्या फरकाने बसवीत, म्हणजे एक बाजू या अडचणीत आली की दुसरी तिला सावरून नेई. शिलाई मशीनवर बसलेली बाई फळी दाबण्यापूर्वी चाकाला हाताने हलकासा झोका देते, तोही दांडे एका रेषेत येण्याचा, म्हणजे मृतबिंदूचा, हाच पेच सोडविण्यासाठी. तिने ग्रासहोफ वाचलेला नसतो, पण तिची तपासणी पुष्कळ अभियंत्यांहून अचूक असते.

दुसरी फसगत दाराच्या बिजागऱ्यांची. अवकाशात मोकळ्या फळीला सहा स्वातंत्र्ये. एक बिजागरी त्यांतील पाच काढून घेते आणि दार फिरण्यापुरते एक ठेवते. दाराला बिजागऱ्या दोन असतात. हिशेबाने सहांतून दहा गेले, म्हणजे उणे चार, आणि असे दार हलताच कामा नये; पण दार खुशाल उघडते, कारण दुसऱ्या बिजागरीच्या पाचही अटी पहिलीच्याच अटींची पुनरुक्ती असतात. प्रणालीला हे कळते, ती पाच अटी अनावश्यक ठरवून गाळते आणि गती अचूक दाखविते. जोर विचारला म्हणजे मात्र पंचाईत होते. गाळलेल्या अटींपाठी जोर शून्य धरला जातो, आणि कित्येकदा सारा भार एकाच बिजागरीच्या नावे खर्ची पडतो. दोन बिजागऱ्यांत भार कसा वाटला जातो, हे लाकडाच्या लवचीकपणावर आणि सुताराच्या हातावर ठरते, आणि त्या दोन्ही गोष्टी मांडलेल्या तपशिलात नसतात. अशा आकड्यावर भरवसा ठेवून बिजागरीचा स्क्रू निवडणारे लोक आहेत.

काळाच्या पावलाचा घोळ तर गमतीचा आहे. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या क्रँकची स्थिती सेकंदातून ५० वेळा नोंदविली, तर प्रत्येक नोंदीच्या वेळी क्रँक त्याच जागी असते, आणि पूर्ण वेगाने चाललेले यंत्र पडद्यावर समाधी लावून बसलेले दिसते. आणि जोरांवरून प्रवेग, प्रवेगावरून वेग, वेगावरून स्थान असा उलटा प्रवास करताना प्रत्येक पावलागणिक थोडी चूक साठत जाऊन खिळीची दोन भोके हळूहळू एकमेकांपासून सरकू लागतात. बाउमगार्टे यांनी १९७२ साली त्यावर सुचविलेला उपाय, म्हणजे सरकलेल्या सांध्याला आपोआप परत ओढणारी कृत्रिम तरतूद, उपयुक्त असली तरी ती औषधाची मात्रा आहे, आणि मात्रा किती द्यावी याचा पक्का नियम नाही. सांध्यातील मोकळीक, वंगण, दांड्याचा लवचीकपणा यांच्याविषयी येथे काही लिहीत नाही. त्यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत आणि तरीही ती अपुरी आहेत.

शोधाचे काम संगणकाकडे पुरते सोपवून मनुष्याने केवळ निवड करीत बसावे, असाही एक पंथ आहे. हॉलंडमधील तेओ यान्सेन या कलावंताने १९९० च्या सुमारास अटारी संगणकावर पायांच्या असंख्य रचना निर्माण करवल्या, त्यांतील चांगल्या चालणाऱ्या निवडून त्यांच्यापासून पुढची पिढी काढविली, आणि अखेर ज्या अकरा संख्या हाती लागल्या त्यांच्या प्रमाणात प्लॅस्टिकच्या नळ्या जोडून त्याने समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालणारे प्राणी उभे केले. त्या प्राण्यांच्या चालीतील डौल पाहून चेबिशेव्ह खूश झाला असता यात संशय नाही. परंतु अकरा संख्याच का, आणि याच का, हे विचारले असता त्यास उत्तर नाही, आणि मला वैयक्तिकरीत्या ज्या आकड्यांना कारण आहे ते आकडे अधिक आवडतात.

मराठी वाचकापुढे हा विषय मांडताना साधनांची अडचण आता फारशी उरलेली नाही, हे सांगण्यास संतोष वाटतो. मोठ्या कारखान्यांतील प्रणाली विकत घेणे आयटीआयच्या किंवा पदविकेच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे असले, तरी जिओजेब्रा या विनामूल्य साधनात वर्तुळे आणि छेदबिंदू एवढ्याच सामग्रीवर वर सांगितलेली चेबिशेव्हची शृंखला तासाभरात उभी करता येते, आणि दिल्लीच्या आय.आय.टी.त तयार झालेली मेकॲनलायझर ही प्रणाली चार दांड्यांच्या शृंखलांची तपासणी पदरमोड न करता करू देते. कानपूरच्या आय.आय.टी.त अध्यापक असलेल्या घोष आणि मलिक यांनी लिहिलेले यंत्रतत्त्वांवरील इंग्रजी पाठ्यपुस्तक ज्यांच्या हाती असेल, त्यांनी ते बाजूला ठेवू नये. प्रस्तुत पुस्तक त्याची जागा घेण्यासाठी लिहिलेले नाही. संज्ञांच्या बाबतीत जेथे कारखान्यात रुळलेला शब्द आहे तेथे तोच ठेवला आहे. क्रँकला क्रँकच म्हटले आहे, कारण त्यासाठी नवा शब्द घडविला असता तर तो मलाच प्रत्येक वेळी आठवावा लागला असता.

वाचकाने प्रत्येक प्रकरणातील शृंखला प्रथम जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या यांनी करून हाताने फिरवावी, कोठे अडते ते बोटांना कळू द्यावे, नंतर तिचे स्वातंत्र्य कागदावर मोजावे, आणि मगच ती पडद्यावर आणावी, असा माझा आग्रह आहे. हा क्रम उलटा केल्याने वेळ वाचतो असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. पहिल्या तीन प्रकरणांत केवळ भूमिती आहे. जोरांचा विचार चौथ्यापासून सुरू होतो, आणि अवकाशातील शृंखला, ज्यांत सारू या फ्रेंच गणितज्ञाच्या १८५३ सालच्या, पोसेलिएच्याही आधी निखळ सरळ रेषा देणाऱ्या रचनेचा समावेश आहे, त्या अखेरच्या भागात घेतल्या आहेत. कॅम आणि दंतचक्रे यांना या पुस्तकात जागा दिलेली नाही. त्यांचा विस्तार वेगळा आणि त्यांचे साक्षीदारही वेगळे.